केसांचा साठा मोजकाच असतो

केशरोपणाच्या जाहिराती आता गावोगावच्या मोबाइलवर येऊ लागल्या आहेत. कपाळ मागे सरकू लागलेल्या तरुणांनी आणि त्यांच्या घरच्यांनी पैसे भरण्याआधी समजून घ्यावं असं काही.

कानपूरची बातमी मे २०२५मध्ये सगळ्यांनीच वाचली. केशरोपणानंतर दोन तरुण अभियंते दगावले आणि ज्या दवाखान्यात ते झालं, तो दंतवैद्यकाची पदवी असलेल्या व्यक्तीचा होता, असं पोलिस तपासात पुढे आलं. उत्तर प्रदेशातली घटना म्हणून आपण ती बाजूला ठेवू शकत नाही. मार्च २०१९मध्ये मुंबईत एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाने एकाच बैठकीत सुमारे साडेनऊ हजार ग्राफ्ट, म्हणजे केसांचे झुबके, लावून घेतले. बारा तासांहून अधिक काळ शस्त्रक्रिया चालली आणि दोन दिवसांच्या आत त्याचा मृत्यू झाला. तीव्र ॲलर्जीचा झटका आला असावा, असा डॉक्टरांचा संशय होता. डोक्यावर केस हवेत एवढ्याच इच्छेपायी एका घराचा कर्ता माणूस गेला.

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावचा तरुण या उपचारासाठी नांदेड, अकोला, छत्रपती संभाजीनगर नाहीतर थेट पुणं गाठतो. जाहिरात मात्र त्याला बांधावर बसल्या बसल्या दिसते. ‘एका दिवसात नवीन केस’, ‘अनलिमिटेड ग्राफ्ट’, ‘सुलभ हप्ते’. लग्नाचा बायोडाटा फिरू लागला की ही जाहिरात जास्तच खुणावते. गावाकडच्या मुलाला मुलगी मिळणं आधीच कठीण झालंय. त्यात पंचविशीत कपाळ मोठं दिसायला लागलं की फोटो टोपी घालून काढला जातो आणि घरात कुणीतरी म्हणतंच, ‘एवढं करून टाक, म्हणजे काम होईल.’ या घाईलाच माझा विरोध आहे. उपचार खोटा नाही. योग्य माणसाला, योग्य वयात, योग्य हातांनी केला तर तो उत्तम गुण देतो. पण तो एका मोजक्या साठ्यावर चालतो, आणि तो साठा किती आहे हे जाहिरात कधी सांगत नाही.

ओकुडा आणि ओरेंट्राइक

या शस्त्रक्रियेचं मूळ जपानमध्ये आहे. डॉ. शोजी ओकुडा यांनी १९३९मध्ये भाजलेल्या आणि व्रण पडलेल्या डोक्यांवर केसांचे बारीक गोल तुकडे लावल्याचा तपशील प्रसिद्ध केला. धातूच्या पोकळ नळीने डोक्याच्या केसाळ भागातून कातडीचा तुकडा काढायचा आणि उजाड जागी तसंच भोक पाडून बसवायचा, अशी त्यांची पद्धत. लेख जपानी भाषेत होता. पुढे महायुद्ध आलं आणि बाकीच्या जगाला त्याचा पत्ता बराच काळ लागला नाही.

न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. नॉर्मन ओरेंट्राइक यांनी पन्नासच्या दशकात स्वतंत्रपणे हाच प्रयोग केला. त्यांना जे उमगलं त्यावर आजचा सगळा धंदा उभा आहे. डोक्यामागचा केस कपाळावर आणून लावला तरी तो आपला स्वभाव सोडत नाही. मागे असताना टिकणारा केस पुढेही टिकतो, आणि गळणाऱ्या भागातला केस कुठेही लावला तरी गळतो. म्हणजे केसाचं भवितव्य त्याच्या मुळात असतं, जागेत नसतं. हा निष्कर्ष त्यांनी १९५९मध्ये प्रसिद्ध केला.

पुरुषांचं टक्कल मुख्यतः आनुवंशिकतेने आणि डीएचटी या संप्रेरकाने पडतं. टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणारं हे संप्रेरक कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतली आणि टाळूवरची मुळं हळूहळू बारीक करत नेतं. कानांच्या वरून मागे जाणारा पट्टा बहुतेकांच्या बाबतीत त्याला दाद देत नाही. साठ-सत्तरीच्या आजोबांच्या डोक्याभोवती जी झालर उरते, तोच हा पट्टा. केशरोपणात नवीन केस निर्माण होत नाही. या पट्ट्यातला केस उचलून पुढे नेला जातो, इतकंच.

आकडे मांडून बघा

केस मुळातून एक, दोन, तीन अशा झुबक्यांनी उगवतात. एका झुबक्याला ग्राफ्ट म्हणतात. निरोगी डोक्यावर चौरस सेंटिमीटरमागे साधारण ६५ ते ८५ झुबके असतात. मागची जागा विरळ न दिसता आयुष्यभरात त्यातले साधारण पाच-सहा हजारच काढता येतात. काहींच्या बाबतीत त्याहूनही कमी.

टक्कल पूर्ण पडलं की उघडी जागा दोनशे चौरस सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकते. दर चौरस सेंटिमीटरला चाळीस ग्राफ्ट लावायचे म्हटले तर आठ हजार लागतात. गरज आठ हजारांची आणि शिल्लक पाच-सहा हजारांची. हा हिशेब कुठल्याही यंत्राने बदलत नाही. ‘अनलिमिटेड ग्राफ्ट’ म्हणणारा एकतर अडाणी आहे किंवा फसवतो आहे.

आता तेवीस वर्षांचा मुलगा घ्या. कोपरे मागे गेलेत, म्हणून त्याने अडीच हजार ग्राफ्ट लावून कपाळ दहावीच्या फोटोसारखं करून घेतलं. लग्न झालं. गळती मात्र थांबलेली नाही, कारण लावलेले केस टिकले तरी त्यांच्या मागचे मूळचे केस आपल्या गतीने जातच राहतात. पस्तिशीत कपाळावर केसांची दाट पट्टी, तिच्या मागे मोकळं मैदान, अशी अवस्था होते. तेव्हा मागच्या पट्ट्यात उचलायला फारसं काही उरलेलं नसतं. बियाण्याचं पोतं पहिल्याच पावसात संपवलं तर दुबार पेरणीला काय आणणार?

म्हणून जाणता डॉक्टर पंचविशीच्या आतल्या मुलाला सहसा थांबायला सांगतो. वडील आणि मामा यांची डोकी कशी आहेत ते विचारतो. गळती स्थिरावते का, हे औषधांवर ठेवून पाहतो. मिनॉक्सिडिल हे लावायचं औषध आणि फिनास्टराइडची १ मिलिग्रॅमची गोळी ही त्यातली तपासलेली दोन नावं. गोळीचे लैंगिक आणि मानसिक दुष्परिणाम काहींना होतात, त्यामुळे ती मेडिकलवाल्याला विचारून सुरू करायची गोष्ट नाही. आणखी एक बाब पुष्कळ मुलांना ठाऊक नसते. सतरा ते तिशीच्या दरम्यान बहुतेक पुरुषांची केसांची पुढची रेषा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर मागे जातेच. ते वय वाढल्याचं लक्षण आहे, टक्कल नव्हे.

आधी कारण शोधा

२०२५च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत हातात यायला लागले. बायका, मुलं, कुणीच सुटलं नाही. आधी पाण्यावर संशय गेला. आयसीएमआरचं पथक आलं. विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर नावाजलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतः गावांत गेले, नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हातल्या अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवलं. काही आठवड्यांत अनेकांच्या डोक्यावर केस परत उगवू लागले.

शेगावचा धडा आपल्यासाठी मोलाचा आहे. केस गेले म्हणजे केशरोपण, असं समीकरण नसतं. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, रक्त कमी असणं, थायरॉइड, चाई यांपैकी कशानेही केस जातात आणि त्यातल्या बऱ्याच प्रकारांत ते उपचाराने किंवा आपोआप येतात. अशा डोक्यावर सुई-पंच चालवणं हे पैशाचं आणि मुळांचंही नुकसान आहे.

शस्त्रक्रियेच्या खोलीत काय होतं

मागचा भाग भादरून घेतात. लिडोकेन आणि ॲड्रिनलिनची इंजेक्शनं देऊन कातडी बधिर करतात. मग एक मिलिमीटरच्या आतबाहेर व्यासाची फिरती नळी प्रत्येक झुबक्याभोवती गोल छेद घेते. चिमट्याने झुबका अलगद ओढून थंड द्रावणाच्या बशीत ठेवतात, कारण कोरडा पडला तर तो मरतो. पुढे कपाळावर बारीक चिरा पाडतात. चिरेचा कोन चुकला तर केस ब्रशच्या काड्यांसारखा सरळ उभा राहतो आणि मग लांबूनही कळतं. दोन हजार ग्राफ्टला सहा-आठ तास सहज जातात. लावलेले केस पहिल्या महिना-दोन महिन्यांत गळतात, चौथ्या महिन्याच्या सुमारास पुन्हा फुटतात आणि खरं रूप वर्षभराने दिसतं. ‘एका दिवसात नवीन केस’ हे म्हणूनच धादांत खोटं आहे.

धोका असतो तो बधिर करण्याच्या औषधात. ॲड्रिनलिनसह दिलेल्या लिडोकेनची मर्यादा वजनाच्या किलोमागे सुमारे ७ मिलिग्रॅम आहे. तासन्‌तास इंजेक्शनं टोचत राहिलं की ती नकळत ओलांडली जाते, आणि मग झटके येऊ शकतात, हृदय थांबू शकतं. ते ओळखणारा डॉक्टर शेजारी नसेल आणि ऑक्सिजन नसेल, तर दवाखाना आणि कटिंगचं दुकान यांत फरक राहिला कुठे?

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२मध्ये हेच बजावलं आहे. केशरोपण ही शस्त्रक्रिया आहे. ती रीतसर शल्यप्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच, म्हणजे प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञाने करावी. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. कागदावर सगळं चोख आहे. पण महाराष्ट्राने केंद्राचा २०१०चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा अजून स्वीकारलेला नाही आणि दोन खोल्यांच्या ‘हेअर स्टुडिओ’त रोज कोण चिरा पाडतो, हे पाहायला कुणी जात नाही. मृत्यूनंतर गुन्हा दाखल होतो. सरकारने त्याआधीच दारात जायला हवं.

सरकारचं लक्ष नाही असंही नाही. आरोग्यसेवेला जीएसटी माफ आहे, पण जन्मजात दोष किंवा अपघात सोडून केलेलं केशरोपण त्या माफीतून नावानिशी वगळलेलं आहे. कर लावताना हा उपचार बरोबर आठवतो, तपासणीच्या वेळी का विसरतो?

खर्च ग्राफ्टमागे वीस-पंचवीस रुपयांपासून शंभराच्या पुढे जातो. अडीच हजार ग्राफ्ट म्हणजे पन्नास हजार ते अडीच लाख. नोव्हेंबर २०२३मध्ये सेनगाव तालुक्यातल्याच गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडायला आपले अवयव विक्रीला काढल्याचं निवेदन सरकारला दिलं होतं. त्यात किडनीचा दर ७५ हजार रुपये लिहिला होता. ज्या तालुक्यात माणसं असा हिशेब मांडतात, तिथे पेरणीच्या तोंडावर कपाळासाठी हप्ते बांधून घेणं घरादाराला परवडणारं नाही.

ज्याचं वय तिशीकडे झुकलंय, गळती थांबलीय आणि पैसा हाताशी आहे, त्याने जरूर करावं. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही. मुलीकडच्यांना मात्र माझी हात जोडून विनंती आहे, मुलाचं व्यसन विचारा, वागणूक विचारा, कपाळ मोजू नका. आणि मुलांनो, पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. चिरा कोण पाडणार, त्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक काय, आणि काही झालं तर अतिदक्षता विभाग किती अंतरावर आहे. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर तपासता येतो. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर ॲडव्हान्स न देता तिथून निघा.