तबकडीला तबकडी जोडताना



आज डीजेबद्दल बोलायचं आहे, तेव्हा आधी त्या शब्दाचाच निकाल लावू. आपल्याकडे वाशीत, भूमला, कळंबला कुणी म्हणालं की ‘वरातीला डीजे सांगितलाय’, तर डोळ्यांपुढे काय येतं? गाडी. गाडीवर रचलेली पेट्यांची भिंत. किती बेस, किती टॉप, एवढीच चौकशी होते. त्या पेट्यांमागे बसलेला पोरगा कोण, हे कुणी विचारत नाही. मूळ शब्दात मात्र पेट्या नाहीतच. ‘डिस्क जॉकी’ म्हणजे तबकडीवरचा स्वार. डीजे हे माणसाचं नाव आहे, सामानाचं नाही.

या माणसाची कला तीन गोष्टींत असते. काय वाजवायचं, कशानंतर वाजवायचं, आणि समोरची माणसं अंगाने काय सांगताहेत ते कसं ओळखायचं. आवाज किती मोठा ठेवायचा, हा प्रश्न त्या तिन्हींनंतर येतो. ही कला जिथे घडली ती जागा म्हणजे १९७० च्या आसपासचं न्यूयॉर्क, आणि जिच्यावर घडली ती सामग्री म्हणजे सोल आणि सुरुवातीच्या डिस्कोच्या रेकॉर्ड. म्हणून आज तिकडे जाऊ आणि मग परत येऊ.

पण निघण्याआधी एक आठवण करून देतो. इथे बसलेल्या ज्येष्ठ मंडळींना लग्नातला लाउडस्पीकरवाला आठवत असेल. झाडाला बांधलेला कर्णा, बॅटरीवरचा अॅम्प्लिफायर, पत्र्याच्या पेटीत रेकॉर्ड. सुरुवात देवाच्या गाण्याने. पंगत बसली की वेगळं गाणं, मुलगी निघाली की वेगळं. त्याला कुणी यादी लिहून देत नसे. मांडवाकडे बघून तो रेकॉर्ड काढायचा. म्हणजे कलेचा अर्धा भाग आपल्याकडे होताच. दुसरा अर्धा, म्हणजे दोन गाण्यांमध्ये खंड न पडू देणं, तो तिकडे जन्मला.

आता सोल म्हणजे काय? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये गॉस्पेल गायलं जातं. टाळ्या, आर्त हाक, समुदायाचं उत्तर. कीर्तनातली चाल उचलून कुणी त्यात माणसाच्या प्रेमाचे शब्द भरावेत, तसं १९५० च्या दशकात रे चार्ल्ससारख्या गायकांनी केलं. त्यातून सोल उभं राहिलं. डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये मोटाउनची पायाभरणी केली. मेम्फिसमध्ये स्टॅक्स होती. पुढे फिलाडेल्फियात केनी गॅम्बल आणि लिऑन हफ यांनी १९७१ मध्ये फिलाडेल्फिया इंटरनॅशनल सुरू केली, आणि त्यांच्या गाण्यांत व्हायोलिनचा ताफा आला.

याच फिलाडेल्फियात अर्ल यंग नावाचा ड्रमर होता. १९७३ मध्ये हॅरॉल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सच्या ‘द लव्ह आय लॉस्ट’ या गाण्यात त्याने पायाचा मोठा ड्रम चारही मात्रांवर सारखा वाजवला: धम, धम, धम, धम. आणि दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत झांजेसारखी हाय-हॅट उघडली. टाळ्या वाजवून बघा. ठोक्यावर टाळी, मध्ये तोंडाने ‘त्स’. धम-त्स, धम-त्स. झाला डिस्कोचा ठेका. नाचणाऱ्याला पाय कुठे टाकायचा हे शोधावं लागत नाही, आणि वाजवणाऱ्याला दोन गाणी एकमेकांवर बसवायला सरळ मोजपट्टी मिळते.

हे वाजत कुठे होतं? ज्यांना दुसरीकडे कुणी सुखाने नाचू देत नव्हतं त्यांच्यात: कृष्णवर्णीय, स्पॅनिश बोलणारे स्थलांतरित, समलिंगी माणसं. दोन पुरुष एकत्र नाचले तर पोलिसांची धाड पडावी, असे ते दिवस. १९७० मध्ये डेव्हिड मॅन्कुसोने न्यूयॉर्कमधल्या ब्रॉडवेवरच्या आपल्या राहत्या जागेतच, फक्त आमंत्रितांसाठी, मेजवान्या सुरू केल्या. लोक त्या जागेला ‘द लॉफ्ट’ म्हणू लागले. तिथे दारूविक्री नव्हती. उत्तम स्पीकर होते, फुगे होते, खाणं होतं. त्याच सुमारास सँक्च्युअरी नावाच्या क्लबात, एका जुन्या चर्चच्या इमारतीत, फ्रान्सिस ग्रासो हा पोरगा एका रेकॉर्डमधून दुसरीत न थांबता शिरत होता.

तो ते कसं करायचा, ते सांगतो. दोन थाळ्या, मध्ये मिक्सर. एक रेकॉर्ड लोक ऐकताहेत. दुसरी फक्त डीजेच्या कानात, हेडफोनवर. दुसऱ्या रेकॉर्डखाली नमद्याची गुळगुळीत चकती असते, तिला स्लिपमॅट म्हणतात. थाळी खाली फिरत राहते आणि रेकॉर्ड बोटाने धरून ठेवता येते. पहिला ठोका सुईखाली आणून ठेवायचा, चालू गाण्याची सम आली की बोट सोडायचं. थाळी आधीच वेगात असल्याने गाणं पहिल्या क्षणापासून पूर्ण गतीत निघतं.

पण दोन्हींचा वेग एक हवा. समजा चालू गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं आहे आणि पुढचं १२५ चं. तर पुढचं चार टक्के हळू फिरवायचं. त्यासाठी थाळीला वेगाची सरकपट्टी लागते. १९७९ मध्ये आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या प्रसिद्ध यंत्रात ती आठ टक्के खाली-वर जाते. यात एक मेख आहे. रेकॉर्डचा वेग बदलला की सूरही बदलतो. सहा टक्क्यांना गाणं जवळजवळ अर्धा स्वर चढतं, म्हणजे पेटीवरची शेजारची पट्टी. गायिकेचा गळा भलताच वाटायला लागतो. म्हणून जाणता डीजे सरकपट्टीवर विसंबण्याआधी जवळच्या वेगाचं गाणं निवडतो.

जुन्या रेकॉर्डची आणखी एक गंमत, किंवा डोकेदुखी. तिथे ठेका यंत्राचा नाही, जिवंत माणसाचा आहे. ड्रमर रंगात आला की किंचित पुढे पळतो, कडवं आलं की मागे येतो. आपल्या संबळवाल्याचंही तसंच होतं, गोंधळ रंगला की लय चढते. त्यामुळे दोन जुनी गाणी एकदा जुळवली आणि हात बाजूला घेतला, असं चालत नाही. बोटाने थाळीच्या कडेला हलकेच दाब देत किंवा ढकलत राहावं लागतं.

पुढची अडचण लांबीची. ४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्डवर गाणं तीनेक मिनिटांचं. नाच पेटायला लागतो तोवर गाणं संपतं. काहींनी एकाच गाण्याच्या दोन प्रती घेतल्या. नुसत्या तालवाद्यांचा तुकडा, त्याला ब्रेक म्हणतात, एकीवर संपला की दुसरीवर तोच लावायचा. हा तुकडा नेमका कुठे आहे ते रेकॉर्डवर नजर टाकूनही कळतं. वाद्यांची गर्दी असते आणि जिथे ती विरळ होते, तिथल्या चरींची चमक वेगवेगळी दिसते.

मग टॉम मोल्टन या माणसाने स्टुडिओतच गाणी लांबवायला सुरुवात केली. एकदा सात इंची कोरी तबकडी शिल्लक नव्हती, म्हणून गाणं मोठ्या तबकडीवर कापलं गेलं. चरी ऐसपैस पडल्या, आवाज खणखणीत आला, खर्जाला जागा मिळाली. तिथून बारा इंची सिंगलचा रस्ता निघाला. १९७६ मध्ये डबल एक्स्पोजरचं ‘टेन पर्सेंट’ बारा इंचावर दुकानात आलं. वॉल्टर गिबन्स या डीजेने ते नऊ मिनिटांहून लांब केलं होतं. नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून शिकलेला माणूस आता रेकॉर्डचा आकार ठरवत होता.

हे झालं हाताचं काम. निवडीचं काम याहून अवघड. मॅन्कुसोला ब्रुकलिनच्या एका दुकानात कॅमेरूनच्या मनू दिबांगोची ‘सोल मकोसा’ ही रेकॉर्ड सापडली. रेडिओवर तिला कुणी ओळखत नव्हतं. लॉफ्टमध्ये ती वाजली, नाचणारे शोधत फिरले, आणि १९७३ मध्ये ती अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चढली. याच मॅन्कुसोने पुढे दोन गाणी मिसळणंच सोडून दिलं. प्रत्येक रेकॉर्ड पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, मूळ वेगात वाजवायची. वादकांनी जे केलं त्यावर आपण हात कशाला फिरवायचा, ही त्याची भूमिका. तरीही तो थोर डीजे मानला जातो. का? तर रात्रीचा क्रम. सुरुवातीला शांत, मग चढ, मग थकलेल्यांना हळूहळू खाली आणणं.

आपल्या तालुक्यातल्या तेरखेड्याचे फटाके प्रसिद्ध आहेत. शोभेची दारू उडवणारा सगळा माल एकदम पेटवतो का? नाही. अंधार मध्ये सोडतो, म्हणून पुढचा बाण दिसतो. डीजेचंही तेच.

इंग्लंडच्या उत्तरेकडे तर निवड हाच धर्म झाला. विगन कसिनोमध्ये १९७३ ते १९८१ गिरणगावांतली कामगार पोरं रात्रभर नाचायची, आणि नाचायची कशावर? अमेरिकेत न खपलेल्या सोल रेकॉर्डवर. दुर्मीळ रेकॉर्ड सापडली की डीजे तिच्या मधल्या लेबलवर कागद चिकटवत, म्हणजे दुसऱ्याला नाव कळू नये. फ्रँक विल्सनच्या १९६५ च्या अशा एका रेकॉर्डची प्रत २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली. बाजाराने टाकलेल्या गाण्याला डीजेने आयुष्य दिलं.

यात आपल्या मुंबईची एक गायिकाही आहे: आशा पुथली. मुंबईत वाढलेली, शास्त्रीय संगीत शिकलेली, जॅझकडे वळलेली. अमेरिकेत जाऊन तिने ऑर्नेट कोलमनच्या १९७१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बमवर गाणी म्हटली. १९७६ चा तिचा अल्बम ‘द डेव्हिल इज लूज’, त्यातलं ‘स्पेस टॉक’ हे गाणं मॅन्कुसोच्या लॉफ्टचं लाडकं झालं. पुढे रॅपवाल्यांनी त्याचे तुकडे उचलले. मुंबईच्या मुलीचा आवाज न्यूयॉर्कच्या त्या खोलीत टिकला, तो एका डीजेच्या कानामुळे. आणि डिस्को आपल्या घरात आला तो बंगळूरच्या बिद्दूमुळे. १९७४ चं ‘कुंग फू फायटिंग’ त्याने घडवलं, आणि १९८० च्या ‘कुर्बानी’तलं नाझिया हसनचं ‘आप जैसा कोई’ही त्याचंच.

तिकडे मात्र १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग सुरुंग लावून उडवला गेला. जमाव मैदानात घुसला, पुढचा सामना होऊ शकला नाही. राग नुसता ठेक्यावर नव्हता. ते संगीत कुणाचं आहे, यावरही होता. ‘हा गोंगाट बंद करा’ असं कुणी म्हणालं की त्यात आवाजाचा त्रास किती आणि माणसांचा तिटकारा किती, हे वेगळं करून बघावं लागतं. आपल्याकडेही बघावं लागतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्न: आता लॅपटॉपमध्ये बटण दाबलं की दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळतो. मग ही कला शिकायची कशाला?

बटण वेग जुळवतं, सूरही सांभाळतं. पण कोणतं गाणं, हे ते सांगत नाही. उलट हाताचं काम हलकं झालं, म्हणजे कानाला आणि डोळ्याला वेळ मिळाला. तो समोर बघण्यात घालवा. वरातीत कडेला उभ्या असलेल्या आत्या-मावशांचे पाय हलायला लागले की तुमची निवड बरोबर. नाचऱ्या पोरांना काय, कशावरही नाचता येतं. (हशा)

प्रश्न: मी स्वतः सिस्टीम चालवतो. कर्ज काढून सामान घेतलंय. लोकच म्हणतात, आवाज वाढव. नाही वाढवला तर पुढची सुपारी दुसऱ्याला. आम्ही काय करायचं?

हा खरा प्रश्न आहे, आणि याचं उत्तर उपदेशाने देता येत नाही. हिशोबाने देतो. आवाज कानाला दुप्पट वाटायचा असेल तर साधारण दहापट ताकद लागते. शंभर वॅटच्या दुप्पट वाटायला हजार वॅट, त्याच्या दुप्पट वाटायला दहा हजार. म्हणजे जास्त पेट्या, जास्त डिझेल, जास्त कर्ज. या शर्यतीत तुम्ही कधीच पुढे जाणार नाही, कारण शेजारच्या गावात कुणीतरी आणखी दोन बेस घेणारच.

दुसरं, कान. ८५ डेसिबल आवाजात आठ तास काम करता येतं असं धरतात. पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. पाहुणे तासाभराने घरी जातात. पेट्यांजवळ रोज रात्री उभा असता तुम्ही. पहिला कान तुमचा जाणार, आणि कान गेला की धंदा गेला. शिवाय नियम आहेतच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. दंड झाला, गाडी अडकली, तर नवरदेवाचा बाप भरायला येत नाही.

मग ‘आवाज वाढव’ म्हणणाऱ्याला काय द्यायचं? फरक द्यायचा. कानाला मोठेपणा कळतो तो आधीच्या लहानपणाशी ताडून. सुरुवात कमी आवाजात करा. पुढचं गाणं लावण्याआधी चार मात्रा खर्ज पूर्ण काढून घ्या, नुसती हलगी राहू द्या, आणि समेवर खर्ज परत सोडा. लोक ओरडतील, आणि तुम्ही आवाजाच्या बटणाला हातही लावलेला नसेल. हीच युक्ती न्यूयॉर्कमध्ये १९७७ ते १९८७ पॅराडाइज गॅरेजमध्ये वाजवणारा लॅरी लेव्हन करायचा. आणि लोकांनी तुम्हाला पेट्यांवरून नाही, तर ‘त्या पोराची गाणी’ म्हणून बोलवायला हवं असेल, तर दुसऱ्या कुणाकडे नसलेली पाच गाणी शोधून ठेवा. जुन्या लाउडस्पीकरवाल्यांच्या पेट्या अजून काही घरांत माळ्यावर असतील. उद्या सकाळी जाऊन विचारा.