उच्च तीव्रतेच्या कणत्वरकातील प्रभामंडळ आणि कणहानी

बेळगावच्या उद्यमबागेत लेथच्या चकमध्ये धरलेला जॉब केंद्रातून किंचित सरकला तरी ‘आउट’ फिरतो व माल वाया जातो. केंद्र साधण्याचा हाच प्रश्न कणत्वरकात अधिक बिकट होतो. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेला ‘लेहिपा’ हा प्रोटॉन त्वरक त्याचे जवळचे उदाहरण होय. त्याची आखणी २० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा व ३० मिलिअँपिअर प्रवाहासाठी आहे. थोरियम वापरणाऱ्या त्वरकचालित अणुभट्टीच्या दिशेने हा पहिला टप्पा आहे.

अशा अणुभट्टीसाठी हाच प्रवाह १०० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत न्यावा लागतो. तेव्हा झोताची शक्ती ३ कोटी वॅट होते. नळीच्या भिंतीवर मात्र दर मीटरला सुमारे १ वॅट एवढीच हानी चालते. त्याहून अधिक कण आदळले तर यंत्राचे भाग किरणोत्सर्गी बनतात आणि दुरुस्तीसाठी माणसाला जवळ जाता येत नाही.

भिंतीवर आदळणारे कण बहुधा झोताच्या दाट गाभ्याभोवतीच्या विरळ कडेतून येतात. या कडेला प्रभामंडळ म्हणतात. त्याची प्रमुख कारणे अशी :

१. प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात. वेग कमी असताना हा परिणाम सर्वांत तीव्र असतो.

२. झोताचा आकार व चुंबकांची पकड यांचा मेळ बसला नाही, तर गाभा फुगतो व आकसतो. गाभ्याच्या निम्म्या वारंवारतेने डोलणाऱ्या कणाला, झोपाळ्याला वेळेवर झोका द्यावा तशी, प्रत्येक फेरीत ऊर्जा मिळते व तो बाहेर फेकला जातो. अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे ५२ चुंबकांच्या मार्गावर झोत मुद्दाम विजोड करून प्रभामंडळ मोजण्यात आले. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले.

३. चुंबक जागेवरून हलणे, तसेच विद्युतक्षेत्राची कला चुकणे. कला चुकल्यास कण आपल्या पुंजक्यातून मागे-पुढे सरकतात.

४. नळीत उरलेल्या वायूच्या अणूंशी टक्कर.

उपाय म्हणजे आरंभीच मेळ साधणे, कडेचे कण कमी ऊर्जेतच अडवणे व पुढील नळी पुरेशी रुंद ठेवणे. कमी ऊर्जेचा कण भिंतीवर आदळला तरी किरणोत्सर्ग अल्प होतो. तोच कण पुढे निसटला, तर त्याची ऊर्जा पन्नासपट वाढलेली असते. प्रभामंडळाचे बीज आरंभीच्या भागात रुजते, किंमत मात्र शेवटच्या भागात मोजावी लागते. म्हणूनच ‘लेहिपा’सारख्या आरंभीच्या टप्प्यावरील अचूकतेला एवढे महत्त्व आहे.