कास्तेलसेप्रीओची भित्तिलेपचित्रे
कास्तेलसेप्रीओची भित्तिलेपचित्रे : उत्तर इटलीतील लाँबर्डी विभागाच्या व्हारेसे प्रांतात कास्तेलसेप्रीओ या लहानशा गावी असलेल्या सांता मारिया फोरिस पोर्तास या चर्चमधील प्रारंभिक मध्ययुगीन धार्मिक चित्रमालिका. मिलानच्या वायव्येस सु. ४० किमी. अंतरावर, ओलोना नदीच्या खोऱ्यालगतच्या रानात हे चर्च उभे आहे. येशूचा जन्म व बाल्य हा या चित्रांचा विषय. चित्रे संख्येने थोडी आणि बऱ्याच ठिकाणी खंडित आहेत. तथापि यूरोपीय चित्रकलेच्या इतिहासात त्यांच्याइतका वाद क्वचितच एखाद्या ग्रामीण चर्चमधील चित्रांनी निर्माण केला असेल. या चित्रांचा काळ कोणता, या प्रश्नाच्या उत्तरावर ग्रीक-रोमन कलापरंपरा मध्ययुगात अखंड टिकून राहिली, की लोपून पुन्हा उदयास आली, या मोठ्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी अवलंबून आहे.

स्थळ व इतिहास : रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात आल्प्सच्या पायथ्याशी जी संरक्षक ठाणी उभारण्यात आली, त्यांपैकी कास्तेलसेप्रीओ हे एक होय. इ. स. ५६८ मध्ये लाँबर्ड टोळ्या इटलीत उतरल्यानंतर हे ठाणे त्यांच्या ताब्यात गेले आणि सभोवतालच्या प्रदेशाचे शासनकेंद्र बनले. अखेरचा लाँबर्ड राजा देझिदेरिअस (कार. ७५७–७४) याच्या काळातील येथील नाण्यांवरून स्थळाचे तत्कालीन महत्त्व लक्षात येते. ७७४ मध्ये शार्लमेनने लाँबर्ड राज्य जिंकले. पण त्यानंतरही वस्ती चालू राहिली. पुढे मिलानमधील सत्तास्पर्धेत कास्तेलसेप्रीओ विरोधी पक्षाचा आश्रय ठरल्यामुळे १२८७ मध्ये मिलानचा आर्चबिशप ओत्तोने व्हिस्कोन्ती याने ते घेऊन जमीनदोस्त केले आणि तेथे पुन्हा वस्ती करण्यास मनाई केली. प्रार्थनास्थळांना मात्र त्याने हात लावला नाही. अशा रीतीने नगर नष्ट झाले, पण त्याच्या तटाबाहेरचे छोटे चर्च उरले. ‘फोरिस पोर्तास’ या लॅटिन शब्दांचा अर्थच ‘वेशीबाहेरची’ असा आहे.

वास्तू : चर्चची बांधणी साध्या दगडी चिऱ्यांची आहे. एकच आयताकृती दालन, त्याच्या पूर्व, उत्तर व दक्षिण या तीन बाजूंना अर्धवर्तुळाकृती गाभारे आणि पश्चिमेस प्रवेशमंडप अशी तिची रचना आहे. वेदी पूर्वेकडील गाभाऱ्यात असून चित्रमालिका त्याच्या वक्राकार भिंतीवर आणि दालनापासून त्याला अलग करणाऱ्या कमानीच्या आतील अंगावर रंगविलेली आहे. वेदीकडे तोंड करून उभ्या असलेल्या भाविकाला मालिका जवळजवळ एका दृष्टिक्षेपात दिसावी, इतकी ही जागा लहान आहे.

शोध : पुढील शतकांत या भिंतींवर गिलाव्याचे नवे थर चढले व जुनी चित्रे त्यांखाली झाकली गेली. ७ मे १९४४ रोजी, उत्तर इटली जर्मन फौजांच्या ताब्यात असताना, इतिहासकार जान पिएरो बोन्येत्ती यास त्या थरांखाली जुन्या चित्रांचे अवशेष आढळले. वरचे थर उतरविल्यानंतर मूळ चित्रमालिका प्रकाशात आली. नंतरच्या गिलाव्याने ही चित्रे दृष्टिआड केली, पण हवा, काजळी व उत्तरकालीन पुनर्रंगकाम यांपासून वाचविलीही. त्याचबरोबर नवा गिलावा धरावा म्हणून जुन्या पृष्ठभागावर घातलेल्या टाच्यांनी त्यांचे नुकसानही झाले. बोन्येत्ती व त्याचे सहकारी यांचा या चर्चवरील बृहद्‌ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला.

विषय : चित्रे एकाखाली एक अशा पट्ट्यांत मांडलेली आहेत. मधल्या खिडकीच्या वर वर्तुळात ख्रिस्ताचे समोर पाहणारे ऊर्ध्वांगचित्र आहे. देवदूताने मेरीला दिलेला जन्मसंदेश, मेरी व एलिझाबेथ यांची भेट, जलपरीक्षा, जोसेफचे स्वप्न, बेथलीएमचा प्रवास, येशूचा जन्म व मेंढपाळांना मिळालेली वार्ता, पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांचे वंदन आणि मंदिरातील समर्पण हे प्रसंग ओळखता येतात. कमानीच्या माथ्यावर ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी सज्ज ठेवलेले सिंहासन असून त्याच्या दोन्ही बाजूंस उडणारे देवदूत आहेत.

यांतील काही प्रसंग बायबलच्या अधिकृत शुभवर्तमानांत नाहीत. ते ‘जेम्सचे आद्य शुभवर्तमान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अधिकृत ग्रंथांत समाविष्ट न झालेल्या प्राचीन ग्रीक ग्रंथातून आले आहेत. जलपरीक्षेच्या प्रसंगात मेरीच्या पावित्र्याची शहानिशा करण्यासाठी पुरोहित तिला मंतरलेले पाणी प्यावयास देतो. जन्मप्रसंगात मेरीच्या कौमार्याविषयी शंका घेणारी व त्यामुळे हात वाळून गेलेली सुईण दिसते. हे विषय पूर्वेकडील ख्रिस्ती कलेत रूढ असले, तरी पश्चिमेत विरळा आहेत. सुईणीजवळ लॅटिन लिपीत ‘एमेआ’ अशी अक्षरे आहेत. ‘सुईण’ या अर्थाच्या ग्रीक शब्दाचेच ते रूप आहे. चित्रामागील परंपरा ग्रीक, पण वाचणारा लॅटिन जाणणारा, असे यावरून दिसते.

प्रसंगांची ही निवड सहेतुक आहे. येशू एकाच वेळी खरा देव आणि स्त्रीच्या पोटी जन्मलेला खरा मनुष्य आहे, या सिद्धांताचे साक्षीपुरावेच जणू येथे एकापुढे एक उभे केले आहेत. ख्रिस्ताचे देवत्व पित्याहून गौण मानणारा एरिअन पंथ लाँबर्ड लोकांत प्रचलित होता. त्याच्या खंडनासाठी पूर्वेकडून आलेल्या धर्मोपदेशकांच्या प्रेरणेने ही चित्रे निर्माण झाली, असे बोन्येत्तीचे मत होते.

तंत्र व शैली : भित्तिलेपचित्रणात चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेले रंग लावतात. गिलावा वाळताना त्यातील चुन्याचा हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेट तयार होते व रंगाचे कण त्यात पक्के बसतात. त्यामुळे चित्रकाराला झपाट्याने काम करावे लागते. कास्तेलसेप्रीओच्या चित्रकाराने ही निकड आपल्या शैलीचा गुण बनविली. त्याचे फटकारे मोकळे, वेगवान व नेमके आहेत. वस्त्रांच्या चुण्या व चेहऱ्यांचे उठाव पांढऱ्या रंगाच्या थोड्या रेषांनी साधलेले आहेत. आकृती सडपातळ व हालचालीने भरलेल्या असून त्यांच्यामागील इमारती, वृक्ष व खडक यांमुळे अवकाशाचा आभास निर्माण होतो. बेथलीएमच्या प्रवासात मेरीला वाहून नेणाऱ्या गाढवाची चाल आणि जन्मसंदेशाच्या प्रसंगी दचकलेल्या मेरीची मुद्रा ही त्याच्या निरीक्षणशक्तीची उत्तम उदाहरणे होत. पाँपेईच्या भित्तिचित्रांची आठवण करून देणारे हे कौशल्य त्या काळच्या पश्चिम यूरोपातील सपाट व रेषाप्रधान चित्रणाहून अगदी भिन्न आहे. चित्रकार बायझंटिन परंपरेत तयार झालेला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचे नाव मात्र अज्ञात आहे.

कालनिर्णयाचा वाद : बोन्येत्तीने चित्रे सातव्या शतकातील मानली. हे मत स्वीकारल्यास प्राचीन चित्रपरंपरा खंड न पडता टिकून होती, असे म्हणावे लागते. अमेरिकेतील कलेतिहासकार कुर्ट वाइट्समन याने १९५१ च्या ग्रंथात दहाव्या शतकातील बायझंटिन हस्तलिखितांशी, विशेषतः व्हॅटिकनमधील ‘जोशुआ पट’ व पॅरिसमधील स्तोत्रसंहिता यांच्याशी, चित्रांचे साम्य दाखवून ती त्याच शतकातील ठरविली. त्याच्या मते ती कॉन्स्टँटिनोपलमधील पुनरुज्जीवनाची फलश्रुती होत. मेयर शापीरो याने या निष्कर्षावर आक्षेप घेऊन आठव्या शतकाच्या बाजूने युक्तिवाद केला.

या वादात एक मर्यादा निश्चित आहे. रंगविलेल्या गिलाव्यावर ओरखडलेल्या एका लेखात दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मिलानचा आर्चबिशप आर्देरिक याचा उल्लेख आहे. अर्थात चित्रे त्याआधीची असली पाहिजेत. पुढे वास्तूतील लाकडाची किरणोत्सर्गी कार्बन चाचणी व छपराच्या कौलांची तापदीप्ती चाचणी करण्यात आली. त्यांचे निष्कर्ष नवव्या शतकाकडे झुकतात. परंतु अशा चाचणीने लाकूड तोडल्याचा वा कौल भाजल्याचा काळ कळतो, चित्र रंगविल्याचा नव्हे. शिवाय जुने साहित्य पुन्हा वापरले जाण्याचा संभवही असतो. त्यामुळे सातव्या शतकाचे मत मागे पडले असले, तरी नववे शतक की दहावे, याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही.

महत्त्व व जतन : काळ कोणताही मानला, तरी बायझंटिन प्रदेशाबाहेर, एका आडबाजूच्या चर्चमध्ये इतक्या उच्च दर्जाची चित्रे आढळावीत, ही गोष्ट मध्ययुगाच्या आरंभीच्या शतकांना सरसकट ‘अंधकारयुग’ म्हणणाऱ्या समजुतीस छेद देते. त्या काळातील भिंतींचा फार मोठा भाग नष्ट झाल्याने आज अपवादात्मक वाटणारे हे काम त्या काळी तितके एकाकी नसेलही. जवळच असलेल्या तोर्बा येथील बुरुजातही आठव्या शतकाच्या सुमाराची, जोगिणींच्या आकृती असलेली भित्तिचित्रे आढळली आहेत. कास्तेलसेप्रीओचे ठाणे, तोर्बाचा बुरुज व सांता मारिया चर्च यांचा २०११ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत लाँबर्ड सत्तास्थानांच्या सात स्थळांच्या गटात समावेश करण्यात आला. आर्चबिशपाने वस्तीस मनाई केलेल्या या भूमीवरील चर्च आता उत्खनित अवशेषांच्या उद्यानाचा भाग म्हणून जतन केले जाते.