जाताना आठ, येताना सात

लंडन ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर. जाताना विमानाला आठेक तास लागतात, परतताना मात्र साडेसहा-सात. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, हा समज चुकीचा; पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरतेच. खरं कारण जेट स्ट्रीम. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा हा वाऱ्याचा अरुंद, नागमोडी पट्टा. दक्षिणेकडची उबदार आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकावर तो पोसला जातो, म्हणून हिवाळ्यात त्याला विशेष जोर चढतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये, ब्रिटनवर मोठं वादळ येत असताना, ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, म्हणजे त्या उंचीवरच्या ध्वनिवेगापेक्षाही जास्त! तरी ते स्वनातीत झालं नाही. भोवतालच्या हवेच्या तुलनेत विमान नेहमीच्याच वेगाने उडत होतं; ती हवाच त्याला पुढे नेत होती. या विषयातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

वारा वळणं बदलत राहतो, म्हणून उत्तर अटलांटिकवरचे हवाई मार्गही कॅनडातल्या गँडर आणि स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविक इथली नियंत्रण केंद्रं रोज नव्याने आखतात.