टाकी की धार?

अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ‘ओल्ड फेथफुल’ नावाचा उकळत्या पाण्याचा फवारा आहे. फवारा कसला, जमिनीतून उसळणारा खांबच! सरासरी ४० मीटर उंच, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढा. पण त्याहून मोठी गंमत शेजारच्या पाटीची आहे. पुढचा फवारा किती वाजता उडणार, ते त्या पाटीवर लिहिलेलं असतं. दहा मिनिटं अलीकडे-पलीकडे, पण बहुतेक वेळा बरोबर. जमिनीच्या पोटात काय शिजतंय हे उद्यानातल्या कर्मचाऱ्यांना कसं कळतं? त्यांचा ठोकताळा इतका साधा आहे की ऐकून हसू येईल. पण तो शेवटी. आधी मागे वळून वाहनतळाकडे बघा.

तिथे आरव्ही उभ्या आहेत. चाकांवरची घरं! आत ओटा, फ्रिज, बिछाने, संडास, न्हाणीघर. प्रत्येक आरव्हीच्या बाहेरच्या अंगाला एक छोटंसं जाळीदार दार दिसेल. त्याच्या मागे त्या घराचा स्वतःचा गीझर बसलेला असतो. आणि गंमत म्हणजे ‘गीझर’ हा शब्दसुद्धा अशाच एका फवाऱ्याकडून आलेला आहे. आइसलंडमध्ये ‘गेइसिर’ नावाचा उष्ण फवारा आहे. तिथल्या भाषेत या नावाचा अर्थ साधारण ‘उसळणारा’. लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यांनी १८६८ मध्ये गॅसच्या ज्योतीवर पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला हेच नाव दिलं. आइसलंडच्या बर्फातून निघालेला शब्द लंडनमार्गे थेट आपल्या न्हाणीघरात येऊन भिंतीवर टांगला गेला!

आता समजा, न्यू जर्सीतल्या तुमच्या मावसबहिणीनं आरव्ही घ्यायची ठरवली. तिच्यापुढे पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो: गीझर टाकीचा घ्यायचा की बिनटाकीचा? आपल्याला हे दोघेही जुने ओळखीचे. टाकीवाला म्हणजे आपला तांब्याचा बंब. पोटात पाणी साठवायचं, मधल्या नळकांड्यात जाळ करायचा आणि वाट बघायची. बिनटाकीवाला म्हणजे गॅस गीझर. नळ सोडला की टक्-टक्-टक्-भक्, आणि धार गरम. मग निवडायचं त्यात काय अवघड?

अवघड आहे, कारण पाणी तापवणं हे राक्षसी काम आहे. पटत नाही? आरव्हीतली छोटी टाकी ६ गॅलनची, म्हणजे जेमतेम २३ लिटरची असते. आपली एक मोठी बादली. हे पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढ्या ऊर्जेत एक टन वजनाची मोटार न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या गच्चीवर, ३८१ मीटर उंच, उचलून ठेवता येईल! आणि विजेच्या बिलात हाच आकडा किती दिसतो? साधारण एक युनिट. रोज सकाळी घराघरात माणसं अशा मोटारी गच्चीवर चढवतात आणि मोरीत ओतून देतात.

ही मोटार वर चढवायचे दोन मार्ग. एक, हळूहळू ओढत न्या. दोन, एका दमात उचला. टाकीवाला पहिला मार्ग धरतो, बिनटाकीवाला दुसरा. एक वेळ खर्च करतो, दुसरा ताकद.

आधी संथ गड्याकडे बघू. आरव्हीच्या टाकीखालचा बर्नर साधारण साडेतीन किलोवॉटचा. घरातल्या गॅसच्या शेगडीचे मोठे बर्नर एकत्र पेटवल्यावर जमेल एवढाच जाळ. त्यातली काही उष्णता धुराबरोबर जाते, तरी २३ लिटर पाणी पंचवीसेक मिनिटांत ६० अंशांवर पोहोचतं. मग जाळ विझतो. टाकीभोवती फोमची जाड दुलई असते, त्यामुळे पाणी कित्येक तास गरम राहतं. गाडी चालत राहते, डोंगर मागे पडतात, आणि उष्णता पोटात निजलेली असते.

नळ सोडल्यावर टाकीत काय होतं, ते तर बघण्यासारखं आहे. थंड पाणी तळाशी शिरतं, गरम पाणी वरून निघतं. दोघं एकमेकांत मिसळत का नाहीत? कारण तापलेलं पाणी प्रसरण पावून हलकं होतं आणि थंड पाण्यावर चक्क तरंगतं. जणू टाकीत एक अदृश्य दट्ट्या आहे आणि तो गरम पाण्याला सावकाश वर ढकलतोय. म्हणून तर टाकीचं पाणी हळूहळू कोमट होत नाही. बराच वेळ छान गरम असतं, आणि मग साबण डोळ्यांत असताना एकाएकी दगा देतं.

अशा काही पोलादी टाक्यांच्या पोटात मॅग्नेशियमची एक कांडी लोंबत असते. तिचं काम काय? मरणं! पाणी पोलाद खायला येतं, तेव्हा ही कांडी पुढे होते आणि स्वतः गंजते. मॅग्नेशियम पोलादापेक्षा सहज इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, म्हणून गंजाचा हल्ला त्याच्यावर जातो. हे तत्त्व हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी मांडलं होतं. दोनशे वर्षं झाली, बळीचा बकरा तोच. जहाजातून उतरून आरव्हीत बसला एवढंच. झिजून झिजून कांडीचा सांगाडा उरला की नवी बसवायची.

आता चपळ गडी. त्याच्या पोटात साठा नाहीच. आहे ती वेटोळी घातलेली तांब्याची नळी आणि तिच्यावर पातळ पत्र्यांची दाट झालर. पाणी या नळीत मोजून काही सेकंद असतं. तेवढ्यात थंडगार शिरलेलं पाणी अंघोळीजोगं होऊन बाहेर! हे जमतं त्या झालरीमुळे. ज्वाळेची ऊब झेलायला तिच्यामुळे भरपूर पृष्ठभाग मिळतो. हे तंत्र घडवणाऱ्यांतले एक होते जर्मनीचे ह्यूगो युंकर्स. १८९० च्या दशकात त्यांनी गॅसचे गीझर केले, त्यावर पैसा मिळवला, आणि १९१५ मध्ये पूर्ण धातूचं विमान आकाशात उडवलं. न्हाणीघराच्या कमाईतून विमान!

पण थांबा. तुम्ही नळ सोडलात, हे गीझरला कळतं कसं? आत पाण्याच्या वाटेत एक चिमुकलं भिंगरीसारखं चाक असतं, त्यात लोहचुंबक. पाणी वाहिलं की चाक फिरतं आणि चुंबक शेजारच्या संवेदकासमोरून जातो. प्रत्येक फेरीला एक विजेचा ठोका. या संवेदकाचं मर्म एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये, अजून विद्यार्थी असताना शोधलं होतं. ठोके मोजून यंत्र ठरवतं की पाणी किती वेगानं येतंय आणि जाळ किती मोठा करायचा.

मग ठिणगी पडते. पण ज्योत खरंच पेटली का? आत डोळा तर नाही. उत्तर ऐकून थक्क व्हाल: ज्योतीतून वीज वाहते! जळणाऱ्या वायूत विद्युतभारित कण असतात, आणि ज्योतीत खुपसलेल्या छोट्याशा तारेतून बर्नरच्या मोठ्या धातूकडे वीज एकाच दिशेनं सहज जाते. यंत्र ज्योतीला जणू विचारतं, ‘आहेस का?’ आणि अँपिअरच्या लाखाव्या हिश्श्याएवढा प्रवाह उत्तर देतो, ‘आहे.’ उत्तर आलं नाही की गॅस बंद. टाकीच्या नव्या हीटरांतही हीच युक्ती असते.

मग बिनटाकीवालाच घ्यावा, नाही का? न संपणारं गरम पाणी! जरा हिशेब करू. आरव्हीतला असा गीझर साधारण १२ किलोवॉटचा, आपल्याकडच्या सहा लिटरी गॅस गीझरच्या तोडीचा. मिनिटाला ६ लिटर पाणी सोडलं तर तो त्याला चोवीसेक अंश वर चढवतो. नळाला १५ अंशांचं पाणी असेल तर अंघोळ झकास. पण यलोस्टोनच्या थंडीत ते ५ अंशांवर आलं तर? २९ अंश. कुडकुडायचं! उपाय एकच, नळ बारीक करायचा. ४ लिटरची धार ४० अंशांपर्यंत जाते. त्यात यलोस्टोन बाविसशे मीटरहून उंच. समुद्रसपाटीच्या मानानं तिथे हवा जवळपास पावभाग विरळ, म्हणून जाळही मंद. ताकदीवर जगणाऱ्याला विरळ हवा लगेच जाणवते. वेळेवर जगणारा पाच-सात मिनिटं जास्त घेतो आणि गप्प राहतो.

मग विजेवर चालवावा? आरव्हीच्या साध्या जोडणीला १२० व्होल्टवर ३० अँपिअर मिळतात, म्हणजे सगळ्या घराला मिळून ३.६ किलोवॉट. बिनटाकीवाल्याची भूक त्याच्या तिप्पट. टाकीवाल्याला मात्र दीड किलोवॉटहून कमी पुरतं. पाऊण तासात टाकी तयार. वेळ हाताशी असला की अशक्त माणूससुद्धा मोटार गच्चीवर नेतो.

आता खरी गंमत. आरव्हीत गरम पाणी न संपणारं असेल, पण पाणीच संपणारं असतं! रानात थांबलात तर सोबत दीडेकशे लिटर पाणी आणि सांडपाण्याची एक टाकी. ती भरली की अंघोळ बंद. म्हणून तिथे मुरलेली माणसं अंग भिजवून नळ बंद करतात, साबण लावतात, मग परत सोडतात. इथे बिनटाकीवाला फसतो. नळ बंद केला की ज्योत विझते. परत सोडला की नळीत उरलेलं थोडं गरम पाणी येतं, त्यामागे ज्योत पेटेपर्यंत निसटलेलं गार पाणी, मग पुन्हा गरम. अंगावर एक थंड चपराक, आणि गरम पाण्याची वाट बघत तेवढंच पाणी मोरीत. पाणी वाचवणाऱ्यालाच शिक्षा! म्हणून काही कंपन्यांनी या बिनटाकीच्या यंत्रात लिटरभर पाण्याचं एक छोटं भांडं घातलं, गार-गरम एकत्र होऊन चपराक बसू नये म्हणून. म्हणजे टाकी काढली, आणि मागच्या दारानं टाकीचं बाळ आत आणलं.

आणखी एक सापळा खास आपल्यासाठी. आपल्याला विसण घालायची सवय. टाकीवाल्याला ती मानवते. ६० अंशांच्या २३ लिटरांत १० अंशांचं विसण घातलं की ४० अंशांचं ३८ लिटर पाणी होतं, म्हणजे सहा मिनिटांची अंघोळ. बिनटाकीवाल्यात मात्र विसण घालाल तर गीझरमधून जाणारी धार बारीक होते, भिंगरी मंदावते, यंत्राला वाटतं नळ बंद झाला, आणि ज्योत गुल! तिथे हवं तेवढंच तापमान लावायचं आणि थंड नळाला हात लावायचा नाही.

आणि गोठणं? पाण्याचं बर्फ झालं की ते साधारण ९ टक्के फुगतं. चपळ गड्याची बारीक नळी त्यात चटकन फाटते. टाकीही वाचतेच असं नाही, पण तेवीस लिटर ऊबदार पाणी गोठायला रात्र पुरत नाही. हिवाळ्यासाठी गाडी उभी करताना मात्र दोघांतलंही पाणी काढायलाच हवं. आणि एक गोष्ट दोघांना सारखीच लागू: जाळाचा धूर बाहेरच गेला पाहिजे. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर जीव घेऊ शकतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

तर मावसबहिणीला काय सांगायचं? यलोस्टोनमधलेच दोन तळ बघा. ‘फिशिंग ब्रिज’च्या आरव्ही तळावर प्रत्येक गाडीला पाणी, सांडपाणी आणि वीज यांची जोडणी मिळते. तिथे पाच जणांच्या कुटुंबानं ओळीनं अंघोळी करायच्या तर बिनटाकीवाला राजा. कुणाचा नंबर शेवटचा म्हणून कोमट पाणी वाट्याला येत नाही. ज्याला घाई नाही त्यानं टाकीवाला घेऊन तळाची वीज वापरावी, स्वतःच्या सिलिंडरला हातही लागत नाही. ‘मॅडिसन’च्या तळावर यातली कुठलीच जोडणी नाही. तिथे तुमच्याकडे काय कमी आहे ते बघा. पाणी कमी असेल तर टाकी. गॅस कमी असेल तर धार, कारण हात धुवायला म्हणून ती तेवीस लिटर तापवत बसत नाही.

आता ओल्ड फेथफुलच्या पाटीकडे परत. जमिनीखाली अरुंद फटींमध्ये पाणी साठतं, तापतं, पण वरच्या पाण्याच्या दाबामुळे उकळू शकत नाही. थोडं वर सांडलं की दाब घटतो आणि खालचं एकदम वाफ होऊन उसळतं. ही तर निसर्गाची टाकी! गणेशपुरी-वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं आणि राजापूरचं उन्हाळे ही निसर्गाची धार. तिथे वाटेत तशी अडचण नाही, म्हणून पाणी न थांबता पाझरत राहतं.

आणि टाकी रिकामी झाल्यावर काय होतं? तुम्हाला आता माहीत आहे. कर्मचारी एवढंच करतात: मागचा फवारा किती वेळ चालला ते घड्याळावर बघतात. अडीच मिनिटांहून कमी चालला असेल तर खाली बरंच गरम पाणी उरलंय, पुढचा साधारण तासाभरानं. जास्त चालला असेल तर टाकी रिकामी, आता दीड तास. आरव्हीत न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल घेऊन उभा असलेला माणूस नेमका हाच हिशेब करत असतो: आतला किती वेळ न्हातोय, म्हणजे आपल्याला किती थांबावं लागणार.