ट्रॅक्टरवरील घरगुती लोखंडी छत : सावली आणि संरक्षण

यावल तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याचा पायथा आणि दक्षिणेस तापीचे पात्र आहे. या दोहोंमधील काळ्या कसदार जमिनीत केळीचा पसारा मोठा असून नांगरट, सऱ्या पाडणे, शेणखताची व घडांची वाहतूक ही कामे आता बहुतांशी ट्रॅक्टरनेच होतात. उन्हाळी नांगरटीच्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो. अशा उन्हात दिवसभर उघड्या बैठकीवर बसणाऱ्या चालकास सावली हवीच. म्हणून गावच्या वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी छत, आणि कधी कधी चारही बाजूंनी पत्र्याने बंद केलेली केबिन, करून घेण्याकडे शेतकऱ्यांचा कल असतो. हा खर्च वावगा नव्हे. परंतु सावलीसाठी केलेले हे छत ट्रॅक्टर उलटल्यास आपणास वाचवील, अशी समजूत त्याबरोबर रूढ होते. ती जिवावर बेतणारी आहे.

ट्रॅक्टर दोन प्रकारे उलटतो. नाल्याच्या काठावर किंवा बांधावर एक बाजूची चाके वर चढली म्हणजे तो कुशीवर पडतो. ओढावयाचे ओझे नेमून दिलेल्या आकड्याऐवजी त्याहून उंच जागी साखळीने बांधले, तर पुढची चाके उचलली जाऊन तो मागच्या मागे उलटतो. आणि हे इतक्या त्वरेने घडते की चालकास क्लच दाबण्यासही अवसर मिळत नाही. तापीकाठच्या घळींच्या कडेने जाणाऱ्या वाटांवर व पायथ्याच्या उताराच्या शेतांत हे दोन्ही धोके असतात.

अशा वेळी तग धरणारी चौकट निराळी असते. ती मान्य संस्थेत तपासली जाते. तपासणीच्या एका पद्धतीत सुमारे दोन टनांचा लोंबता ठोकळा चौकटीवर आदळतात, वरून दाब देतात, आणि चौकट वाकूनही चालकाभोवतीची जागा मोकळी राहते की नाही हे पाहतात. स्वीडनमध्ये १९५९ सालापासून नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट सक्तीची झाली व त्यानंतर तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुष्कळच घटले. आपल्याकडे ट्रॅक्टरांच्या परीक्षणाचे काम मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत चालते. दुकानातील जोडकाम दिसावयास कितीही भक्कम असले, तरी त्याची अशी परीक्षा झालेली नसते. ते मोडून चालकाच्याच अंगावर येण्याचा संभव असतो.

जाड लोखंड वापरल्याने प्रश्न सुटतो असेही नाही. समजा, ट्रॅक्टरचे वजन १,९०० किलो असून त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर आहे. त्यावर १५० किलोची केबिन बसविली व तिचे वजन सरासरी २.२ मीटर उंचीवर आले, तर गुरुत्वमध्य सुमारे ८६ सेंटिमीटरवर जातो. म्हणजे पूर्वी ज्या उतारावर ट्रॅक्टर उभा राहत असे, तेथे तो आता कलंडू शकेल. तेच छत ५० किलोचे असल्यास ही वाढ चार सेंटिमीटरहून कमी भरते. तात्पर्य, छत हलके हवे. ४० मिलिमीटर चौरस व २ मिलिमीटर जाडीच्या पोकळ नळीचे चार खांब, वर त्याच नळीची चौकट आणि १ मिलिमीटर पत्रा एवढ्यात सुमारे ५० किलोंत काम होते.

खानदेशच्या हवेत बंद केबिन म्हणजे भट्टीच होय. शिवाय पत्र्याच्या पेटीत इंजिनाचा आवाज घुमून कानास अधिक त्रास होतो व मागची अवजारे नीट दिसत नाहीत. यास्तव बाजू मोकळ्या ठेवाव्यात. पत्र्यास वरून पांढरा रंग द्यावा आणि खाली चार-पाच सेंटिमीटर अंतर सोडून पातळ प्लायवूडचे अस्तर लावावे. मधल्या हवेमुळे तापलेल्या पत्र्याची झळ डोक्यास लागत नाही. पुढे काच हवीच असेल तर ती वाहनांसाठी बनविलेली सुरक्षित काच असावी. खिडकीची साधी काच फुटली म्हणजे तिचे सुरे होतात. छताची उंची ठरविताना शेतावरील लोंबत्या विजेच्या तारा व गोठ्याचे दार आधी पाहून घ्यावे.

खांब मडगार्डच्या पत्र्यावर उभे करू नयेत. तो थरथरीने फाटतो. मागच्या आसाच्या ओतीव हाऊसिंगवर वेल्डिंग तर मुळीच करू नये, कारण ओतीव लोखंडास तडे जातात व आतील तेलाची सीलेही जळतात. हाऊसिंगवरील रिकाम्या भोकांत बोल्ट घालून किंवा यू-बोल्टने आधारपट्टी आवळून त्यावर, मध्ये रबराची गादी देऊन, खांब बसवावेत. सर्व जोडकाम ट्रॅक्टरपासून दूर, जमिनीवर उरकावे. डिझेलच्या टाकीजवळ ठिणगी नको.

ज्या ट्रॅक्टरवर कारखान्याची तपासलेली चौकट आहे, तेथे ती कापू नये, तिला भोके पाडू नयेत व वेल्डिंग करू नये. सावलीसाठी तिला कापडी छत बांधावे. अशा ट्रॅक्टरवर कमरेचा पट्टा अवश्य लावावा. केवळ सावलीचे छत असल्यास पट्टा बांधू नये, कारण उलटताना चालक छताखालीच अडकून राहील.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा फेरबदल वाहनात करता येत नाही. म्हणून लोखंड विकत घेण्यापूर्वीच आराखडा घेऊन जळगाव येथील परिवहन कार्यालयात चौकशी करावी. ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी या कामी शेतकऱ्यास साहाय्य करावे, आणि पेरणीपूर्वी गावात जाणे होईल तेव्हा छतांचे बोल्ट पान्याने आवळून पाहण्यास सांगावे. नांगरटीच्या हादऱ्यांनी ते हटकून सैल झालेले असतात.