शुन्झीची शिकवण आणि तिच्या संक्रमणाच्या दोन वाटा

प्रस्तावना :
कन्फ्यूशियसच्या (इ. स. पू. ५५१–४७९) परंपरेतील प्रारंभीचे दोन प्रमुख तत्त्वज्ञ म्हणून मेन्शियस व शुन्झी यांचा उल्लेख केला जातो. यांपैकी मेन्शियसला पुढे कन्फ्यूशियसच्या खालोखाल मान मिळाला. शुन्झीच्या वाट्याला मात्र दीर्घकाळ उपेक्षा आली. या उपेक्षेस त्याच्या विचारांइतकेच त्याचे शिष्यही कारणीभूत ठरले. गुरूची पारख शिष्यांवरून करावी काय, हा अध्यापकांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न त्यातून उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने शुन्झीच्या शिकवणुकीच्या संक्रमणाचा विचार केला आहे.

जीवन व विचार :
शुन्झी हा इ. स. पू. तिसऱ्या शतकातील झाओ राज्याचा रहिवासी. छी राज्यातील जीश्या या विद्याकेंद्रात त्याने तीन वेळा प्रमुख आचार्यपद भूषविले, असे इतिहासकार सिमा छ्यान नमूद करतो. पुढे छू राज्यात तो लानलिंगचा प्रशासक झाला. इ. स. पू. २३८ मध्ये आश्रयदात्याची हत्या झाल्यावर त्याचे पद गेले. तरी तो तेथेच राहिला. माणसाचा मूळ स्वभाव सदोष असून चांगुलपणा हा जाणीवपूर्वक केलेल्या प्रयत्नाचे फळ आहे, हा त्याचा प्रसिद्ध सिद्धांत होय. साहजिकच अध्ययन, विधी आणि गुरू यांना त्याच्या विचारांत केंद्रस्थान आहे.

पहिली वाट :
हान फेइ व ली सी हे त्याचे सर्वाधिक ख्यातनाम शिष्य. हान फेइने दंडनीतीचे तत्त्वज्ञान मांडले. ली सी छिन साम्राज्याचा मुख्य मंत्री झाला आणि त्याच्याच सल्ल्यावरून इ. स. पू. २१३ मध्ये खाजगी संग्रहांतील प्राचीन ग्रंथ जाळण्याचा आदेश निघाला. अकराव्या शतकात सू शी या साहित्यिकाने या ग्रंथदाहाचा दोष शुन्झीच्या शिकवणुकीवर ठेवला. भिन्न मतांवर शुन्झीने कठोर टीका केली होती, हे खरे. तथापि प्राचीन ग्रंथांचे पठण हा त्याच्या अभ्यासक्रमाचा आरंभबिंदू होता आणि केवळ शिक्षेवर चालणारे राज्य त्याला मान्य नव्हते, हेही विसरता येत नाही.

दुसरी वाट :
हान वंशाच्या इतिहासग्रंथानुसार फूछ्यू बो हा शुन्झीचा आणखी एक शिष्य. त्याने प्राचीन काव्यसंग्रहाचे अध्यापन केले. त्याच्या विद्यार्थ्यांत शेन पेई आणि हान सम्राटाचा धाकटा भाऊ ल्यू ज्याओ हे होते. ग्रंथदाहाच्या काळात हे विद्यार्थी पांगले. परंतु हान राजवटीत शेन पेईने काव्यसंग्रहाच्या अध्यापनाची परंपरा पुढे चालविली. म्हणजे ज्या ग्रंथावर एका शिष्याने बंदी आणली, तोच दुसऱ्याच्या शिष्यशाखेने जतन केला.

याच ल्यू ज्याओचा वंशज ल्यू श्यांग याने इ. स. पू. पहिल्या शतकात राजग्रंथालयातील शुन्झीच्या नावावरील ३२२ प्रकरणे तपासली, २९० पुनरुक्त प्रकरणे वगळली आणि ३२ प्रकरणांची संहिता सिद्ध केली. इ. स. ८१८ मध्ये यांग ल्यांगने तिची पुनर्रचना करून पहिले उपलब्ध भाष्य लिहिले. १०८४ मध्ये कन्फ्यूशियसच्या मंदिरात शुन्झीला स्थान मिळाले, ते १५३० मध्ये काढून घेण्यात आले. १८९१ मध्ये वांग श्यानछ्यानच्या सटीक आवृत्तीने त्याच्या अभ्यासाला नवी बैठक दिली.

निष्कर्ष :
शिष्य सत्तेवर गेला की गुरूचे नाव गाजते. शिष्य वर्गात राहिला की गुरूची विद्या टिकते. इतिहासाने शुन्झीला ली सीचा गुरू म्हणून दोष दिला, परंतु फूछ्यू बोचा गुरू म्हणून श्रेय देण्यात हात आखडता घेतला. माणूस स्वभावाने नव्हे, तर प्रयत्नाने घडतो, असे मानणाऱ्या तत्त्वज्ञाच्या शिष्यांनाही स्वतःच्या कृतीची जबाबदारी टाळता येणार नाही. गुरूची पारख करावयाचीच, तर ती त्याच्या सर्व शिष्यांना जमेस धरून करणे न्याय्य ठरेल.